दांडा आणि गोत

चिनी भाषेच्या वर्गात पहिल्याच आठवड्यात प्रत्येकाला एक चिनी नाव मिळतं. आमच्या पुण्यातल्या वर्गात बारा जण होतो. मॅडम एकेकाचं आडनाव विचारत, ते स्वतःशीच दोनदा म्हणून बघत आणि फळ्यावर एक अक्षर काढत. लेलेंना 'ली' मिळालं, वाघमारेंना 'वांग'. ही दोन्ही चीनमधली सगळ्यांत मोठी आडनावं, दहा-दहा कोटींच्या घरातली. माझं आडनाव 'को'ने सुरू होतं. मॅडम जरा थांबल्या. मग त्यांनी डावीकडे झाडाचं चिन्ह काढलं, उजवीकडे वर एक आडवी रेघ, तिच्याखाली छोटी चौकट आणि बाजूने खाली उतरून आकड्यासारखी वळलेली रेघ.

"तुमचं हे. ख."

अर्थ विचारला तर म्हणाल्या, "कुऱ्हाडीचा दांडा."

कोणत्याही मराठी माणसाच्या मनात पुढे जे येईल तेच माझ्या मनात आलं. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ. लोखंडाचं पातं एकटं काय करणार? झाडाच्याच फांदीने त्याला दांडा दिला आणि मग त्या दांड्याच्या जोरावर सगळं रान आडवं झालं. फितुराला, घरभेद्याला, आपल्याच माणसांवर उलटलेल्याला आपण हे म्हणतो. आणि आडनाव म्हणजे तरी काय, गोताचीच खूण. गोताची खूण म्हणून 'दांडा' लावून घ्यायचा, हे मला काही केल्या पटेना. पुढच्या तासाला मी मॅडमना म्हटलं, दुसरं काही जमेल का? त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाल्या, "अहो, हे कोटणीसांचं आडनाव आहे. सोलापूरच्या डॉक्टर कोटणीसांचं. चीनमध्ये ते याच आडनावाने ओळखले जातात."

त्या दिवसापासून या एका अक्षराच्या मागे लागले आहे. आता तीन वर्षं होतील.

आधी उच्चार. रोमन लिपीत हे आडनाव 'के' आणि 'ई' या दोन अक्षरांनी लिहितात, म्हणून आपली वर्तमानपत्रं 'के' छापतात. ऐकलं तर ते आपल्या 'ख'च्या अगदी जवळ आहे, किंचित लांबवलेल्या 'ख'च्या. पण तेही फक्त उत्तरेच्या बोलीत. तैवानमधली माणसं जुन्या पद्धतीने 'को' लिहितात. फूच्येनमधून समुद्रापार सिंगापूर-मलेशियाला गेलेल्यांनी आपल्या बोलीतला उच्चार जपला आणि ते 'क्वा' झाले. हाँगकाँगच्या कँटनी बोलीत तर क-ख काहीच उरत नाही, नुसता 'ओ' राहतो. ख, को, क्वा आणि ओ ही चार माणसं एका टेबलाशी बसली, तर कागदावर ते अक्षर काढून दाखवेपर्यंत आपण एका आडनावाचे आहोत हे त्यांना कळणार नाही. नऊ फटकाऱ्यांचं अक्षर आहे. चार झाडाचे, पाच उजव्या बाजूचे. झाड अर्थ सांगतं, उजवी बाजू उच्चार.

सोंग राजवटीच्या काळापासून चिनी मुलं आडनावांची एक यादी चार-चारच्या ठेक्यात पाठ करत आली. सुमारे पाचशे आडनावं आहेत तिच्यात. त्यात एक ओळ येते, 'यू, वान, चृ, ख'. म्हणजे आडनाव जुनं आणि मानाचं, पण मोठं नाही. आजही संख्येने ते पहिल्या शंभरात बसत नाही.

आता दांड्याबद्दल. आमचे थोरले काका बार्शीकडे शेतावर राहत. मी सात-आठ वर्षांची असताना एका सुट्टीत त्यांनी माझ्यासमोर कुऱ्हाडीला नवा दांडा केला होता. जुना चिरला होता. बांधावरची बाभळीची एक सरळ फांदी त्यांनी आधीच तोडून सावलीत वाळवत ठेवलेली. ओट्यावर बसून त्यांनी जुना दांडा पायाशी आडवा ठेवला, नवी फांदी मांडीवर घेतली आणि शेजारच्यांची कुऱ्हाड मागून आणून तिने तासायला घेतलं. चार-सहा घाव घातले की फांदी जुन्या दांड्याशेजारी धरायची, डोळा बारीक करून बघायचं, पुन्हा तासायचं. दांडा गोल करत नाहीत, जरा चपटा, अंड्यासारखा ठेवतात, म्हणजे घाव घालताना हातात फिरत नाही. शेवटी टोक पात्याच्या भोकात बसवून वरून पाचर ठोकली आणि कुऱ्हाड रात्रभर बादलीत पालथी घालून ठेवली. पाण्याने लाकूड फुगून भोकात गच्च बसतं. सकाळी ती कोरडी करून काकांनी माझ्या हातात दिली. मला ती पेलली नाही.

हे सगळं मी विसरून गेले होते. चिनी काव्याच्या सर्वांत जुन्या संग्रहात, म्हणजे अडीच हजार वर्षांहून जुन्या गीतांच्या पोथीत, मला एक छोटं गीत सापडलं आणि काकांचा ओटा डोळ्यांसमोर उभा राहिला. गीत साधारण असं आहे:

दांडा तोडायचा कसा?
कुऱ्हाडीवाचून होत नाही.
बायको आणायची कशी?
मध्यस्थावाचून होत नाही.
दांडा तोडू, दांडा तोडू,
नमुना काही लांब नाही.

'दांडा' म्हणून मी जो शब्द घातला तो म्हणजे हाच 'ख'. नमुना लांब नाही, कारण तो हातातच आहे. ज्या कुऱ्हाडीने फांदी तासतोस तिचाच दांडा बघ, तेवढाच कर. पुढे कन्फ्यूशियसच्या परंपरेतल्या ग्रंथात या ओळीवर भाष्य आलं. हातात दांडा धरून माणूस दांडा तासतो, तिरक्या नजरेने बघतो आणि तरी त्याला तो नमुना लांबचाच वाटतो. माणसाने माणसाशी कसं वागावं याचं मापही असंच हाताशी असतं, असा त्या भाष्याचा रोख आहे. प्राचीन चीनमध्ये गाड्या करणाऱ्या सुतारांचं एक मापच 'ख' नावाचं होतं, तीन चिनी फूट लांबीचं. दांडा टेकवायचा आणि मोजायचं.

आणि दुसरा अर्थ सोयरिकीचा. या गीतामुळे 'दांडा धरणं' म्हणजे लग्न जुळवणं असा वाक्प्रचार चिनी भाषेत रूढ झाला. दोन घरांमध्ये उभा राहून त्यांचं नातं जोडणारा माणूस म्हणजे दांडा धरणारा. आपल्याकडे गोताचा काळ, तिकडे गोत जोडणारा! लाकूड तेच, लोखंड तेच. आपल्या पूर्वजांनी रानाच्या बाजूने पाहिलं, त्यांनी सुताराच्या बाजूने. कोण चूक, कोण बरोबर असा हा प्रश्न नाही. पण मला माझी कुरकुर मागे घ्यावी लागली.

या आडनावाची माणसं शोधायला लागल्यावर एक गंमत लक्षात आली. आधी जी चार नावं हाती लागली ती सगळी एकाच प्रांतातली, पूर्वेच्या झेजियांगमधली. ख च्यूस हा चौदाव्या शतकातला चित्रकार, फक्त बांबू काढणारा म्हणावा इतका बांबूंसाठी प्रसिद्ध. बांबूचं खोड जुन्या मुद्रालिपीच्या वळणाने काढावं, फांद्या शीघ्रलिपीच्या आणि पानं कारकुनी लिपीच्या, असं तो सांगायचा. म्हणजे चित्र काढायचं नाही, लिहायचं. मंगोल सम्राटाच्या दरबारात चित्रं आणि जुने हस्तलेख पारखायचं काम त्याच्याकडे होतं. सम्राट गेल्यावर दरबार सुटला आणि तो दक्षिणेकडे परतला. 1338 साली काढलेलं त्याचं बांबूचं एक चित्र आज बीजिंगच्या राजवाडा संग्रहालयात आहे. एका खडकाजवळ दोन बांबू, बस्स. ख छिन हा वैद्य, थंडीतापाच्या जुन्या ग्रंथावर त्याने लिहिलेली टीका चिनी वैद्यकाचे विद्यार्थी अजून वाचतात. प्रांताबाहेरचा ख शाओमिन शान्तुंगचा. मंगोल राजवटीचा अधिकृत इतिहास मिंग काळात घाईघाईने उरकला गेला होता, म्हणून याने तो 257 खंडांत नव्याने लिहून काढला. एवढ्या मोठ्या कामाबद्दल मी एका वाक्यात लिहिते आहे हे मला कळतं, पण मला ते वाचता येत नाही आणि न वाचता पुढे बोलणं बरं नाही.

त्या चौघांतल्या उरलेल्या दोघांवर मात्र माझा जीव आहे.

पहिला ख च्ये. जन्म 1997, झेजियांगमधल्या लीश्वेचा. गो या खेळात अनेकदा जगज्जेता ठरलेला. एकोणीस उभ्या आणि एकोणीस आडव्या रेघांचा पट, 361 छेदबिंदू, काळ्या-पांढऱ्या सोंगट्या. नियम पाच मिनिटांत सांगून होतात आणि खेळ आयुष्यभर येत नाही. मे 2017 मध्ये झेजियांगमधल्याच वूचन गावात त्याचा सामना 'अल्फागो' या संगणक प्रणालीशी झाला. पहिला डाव तो अर्ध्या गुणाने हरला. गोमध्ये याहून लहान फरकच नसतो. दुसऱ्या डावात तो इतकं चांगलं खेळला की प्रणाली बनवणाऱ्यांनीही त्याच्या खेळाची तारीफ केली, तरी हरला. तिसऱ्या डावाला त्याने पांढऱ्या सोंगट्या मागून घेतल्या. त्या डावात मध्येच तो उठून बाजूला गेला आणि रडला. एकोणीस वर्षांचा मुलगा. परत येऊन बसला, खेळला आणि डाव सोडला. त्याची चित्रफीत मी पाहिली आहे. चष्मा काढून तो डोळे पुसतो आणि समोर कुणीच नसतं. म्हणजे माणूस असतो, पण तो नुसता संगणकाने सांगितलेली सोंगटी पटावर ठेवणारा.

गो आणि कुऱ्हाडीचा दांडा यांचं नातं मात्र ख च्येच्या जन्माआधी दीड हजार वर्षांचं आहे. लीश्वेला लागूनच छूचौ जिल्हा आहे, तिथे एक डोंगर आहे. वांग चृ नावाचा लाकूडतोड्या त्या डोंगरावर गेला. तिथे काही मुलं गो खेळत बसली होती. तो कुऱ्हाड खाली ठेवून बघत उभा राहिला. मुलांनी त्याला बोराच्या बीसारखं काहीतरी खायला दिलं, त्याने त्याची भूकच गेली. थोड्या वेळाने एक मुलगा म्हणाला, जात का नाहीस? त्याने कुऱ्हाड उचलायला हात घातला तर दांडा कुजून गेलेला. गावात परतला तर ओळखीचं कुणीच उरलं नव्हतं. डोंगराचं नाव 'कुजक्या दांड्याचा डोंगर' पडलं आणि 'कुजका दांडा' हे गो खेळाचंच एक नाव झालं. त्यात दांड्यासाठी शब्द आहे तोच, ख.

आपल्याकडे भागवतातली ककुद्मी राजाची गोष्ट आहे. रेवतीसाठी वर विचारायला तो तिला घेऊन ब्रह्मलोकी गेला, तिथे गाणं चाललं होतं म्हणून जरा थांबला. गाणं संपेपर्यंत इकडे सत्तावीस चतुर्युगं उलटली आणि मनात धरलेल्या वरांची नावंसुद्धा कुणाला ठाऊक नव्हती. आजी ही गोष्ट सांगायची तेव्हा मला रेवतीची काळजी वाटायची. लाकूडतोड्याच्या गोष्टीत मात्र माझं लक्ष त्या दांड्यावरच खिळतं. लोखंडाचं पातं गंजून का होईना, राहतं. कुजतं ते लाकूड, हाताचा घाम प्यायलेलं. ल्यू यूशी नावाच्या तांग काळातल्या कवीने 826 साली, तेवीस वर्षं राजधानीबाहेर काढल्यावर, मित्राला लिहिलेल्या कवितेत म्हटलं की मी परततोय तो त्या कुजक्या दांड्याच्या माणसासारखा. परदेशात वर्षं काढून गावी आलेल्या कुणालाही ही ओळ समजवावी लागणार नाही.

दुसरा ख चाओ, गणिती. जन्म 1910, झेजियांगच्याच वनलिंगचा. 1930च्या दशकात तो मँचेस्टरला शिकायला गेला. तिथे त्याला हंगेरीतून आलेला पॉल एर्डश भेटला. जर्मनी सोडून इंग्लंडमध्ये आलेला रिचर्ड राडो त्यांना येऊन मिळाला. तिघांच्याही मायदेशांवर संकट होतं. 1938 साली तिघांनी मिळून एक प्रमेय सिद्ध केलं. एर्डश–को–राडो प्रमेय म्हणून आज ते गणिताच्या पुस्तकांत आहे, त्यातला 'को' म्हणजे आपला ख.

मी गणिताची नाही, पण हे प्रमेय मला समजलं, म्हणून इथे सांगते. दहा जणांचं मंडळ आहे. त्यातून तिघा-तिघांच्या समित्या करायच्या. अशा एकूण 120 समित्या होऊ शकतात. आता अट घाला की कोणत्याही दोन समित्या घ्या, त्यांत किमान एक माणूस सामाईक हवा. मग जास्तीत जास्त किती समित्या होतील? उत्तर 36. आणि 36 गाठायचा मार्ग एकच, तो म्हणजे कुणीतरी एक माणूस प्रत्येक समितीत असायला हवा. दुसऱ्या कुठल्याही युक्तीने एवढी मोठी संख्या जमत नाही. मी वहीवर अक्षरं मांडून बराच वेळ बघत बसले होते. सगळ्यांना सगळ्यांशी बांधायचं तर एकाला प्रत्येक ठिकाणी हजर राहावं लागतं.

प्रमेय 1938चं, छापून आलं 1961 साली. त्या काळी गणिताच्या या शाखेत फारसा कुणाला रस नव्हता, असं एर्डशने पुढे लिहून ठेवलं. तेवीस वर्षं कागद पडून राहिला. तोवर एर्डश अमेरिकेला गेला, राडो इंग्लंडमध्येच राहिला, आणि ख चाओ युद्ध पेटलेल्या चीनमध्ये परतला. सिचुआन विद्यापीठात त्याने आयुष्याचा मोठा काळ शिकवलं. आठ आणि नऊ हे एकमेकांशेजारचे घात आहेत, दोनाचा घन आणि तिनाचा वर्ग. अशी दुसरी जोडी नाही, असं कॅटलान नावाच्या गणितीने एकोणिसाव्या शतकात म्हटलं होतं. त्यातला एक महत्त्वाचा भाग, जोडीतली मोठी संख्या वर्ग असेल तो, ख चाओने 1960च्या दशकात सिद्ध केला. पूर्ण सिद्धता मिहाइलेस्कू या रोमानियन गणितज्ञाने 2002 मध्ये दिली, आणि त्याच वर्षी ख चाओ गेला.

सिंगापूरच्या क्वा ग्योक चू यांचं नावही घ्यायला हवं. सिंगापूरचे पहिले पंतप्रधान ली क्वान यू यांच्या पत्नी म्हणूनच त्यांची ओळख करून देतात, पण रॅफल्स महाविद्यालयात इंग्रजी आणि अर्थशास्त्रात त्यांनी ली यांना मागे टाकलं होतं. केंब्रिजहून कायद्यात पहिल्या वर्गात उत्तीर्ण होऊन त्या परतल्या. 1965 मध्ये सिंगापूर मलेशियापासून वेगळं झालं, तेव्हा पाण्याच्या हमीचं कलम त्यांच्या हातचं होतं. शहराला पाणी बाहेरून येणार आणि ते तुटता कामा नये, हे कागदावर नीट बांधायचं काम एका वकील बाईने केलं. त्यांचं आडनाव चिनीत लिहिलं की तेच नऊ फटकारे.

आता गोताचं. ख मंडळी आपलं मूळ प्राचीन चीनमधल्या वू राज्याच्या घराण्यात सांगतात. ख लू नावाचा राजपुत्र होऊन गेला, त्याच्या नावातलं पहिलं अक्षर वंशजांनी आडनाव म्हणून घेतलं, अशी परंपरा आहे. (उत्तरेच्या शिएनपेई टोळ्यांतल्या एका घराण्यानेही पाचव्या शतकाच्या अखेरीस आपलं लांब नाव छाटून 'ख' केलं. सम्राटाचाच तसा हुकूम होता. तेव्हा सगळे ख एका रक्ताचे नाहीत.) वू राज्याचा मूळपुरुष ताय्पो. हा चौ घराण्यातला थोरला मुलगा. राज्य धाकट्या भावाकडे जावं ही वडिलांची इच्छा ओळखून तो आपण होऊन दक्षिणेला निघून गेला, तिथल्या लोकांसारखे केस कापले, अंगावर गोंदवून घेतलं आणि त्यांच्यातलाच झाला. त्साय नावाचं दुसरं एक मोठं आडनावही चौ घराण्यातूनच निघालं. म्हणून ख आणि त्साय स्वतःला एका गोताचे मानतात, तैवानात आणि मलेशियात त्यांची एकत्र कुलमंडळं आहेत, आणि जुन्या चालीप्रमाणे ख आणि त्साय यांचं आपसांत लग्न होत नाही. सगोत्र म्हणून सोयरीक मोडल्याच्या हकिकती आपल्या घरांतही आहेत, त्यामुळे हे मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

भावासाठी घर सोडून परक्या मुलखात जाऊन तिथलाच झालेला मूळपुरुष! हे वाचलं तेव्हा मी कोटणीसांकडे वळले. मॅडमनी पहिल्या दिवशी नाव काढलं होतं तरी मी त्यांना मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. आपल्या माणसाबद्दल सगळं माहीत आहे असं वाटत असतं, म्हणून.

द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म सोलापूरचा, 10 ऑक्टोबर 1910. म्हणजे ख चाओच्याच वर्षी. जपानने चीनवर आक्रमण केल्यावर चिनी सेनापती चू द यांनी पंडित नेहरूंकडे डॉक्टर मागितले. सुभाषबाबू तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष होते, त्यांनी पथक उभं केलं. 1 सप्टेंबर 1938ला पाच डॉक्टर मुंबईहून 'राजपुताना' बोटीने निघाले. अटल, चोळकर, बसू, मुखर्जी आणि कोटणीस. चोळकर नागपूरचे, वयाने मोठे. वर्षअखेरीला पथक सिचुआनमध्ये छोंगछिंगला पोचलं. मँचेस्टरहून ख चाओ परतला तोही त्याच साली, त्याच प्रांतात. दोघे भेटले असतील असं मी म्हणत नाही. पण एका जन्मसालाचे दोन ख, एक आडनाव वंशाने मिळालेला आणि दुसरा नुकतंच मिळालेला, एका प्रांतात होते याचं मला फार अप्रूप वाटतं.

पाचही जणांना चिनी नावं मिळाली. आडनावाच्या पहिल्या ध्वनीवरून एक अक्षर, आणि प्रत्येकाच्या नावाच्या शेवटी 'ह्वा', म्हणजे चीन. मुखर्जींना 'मू' मिळालं. त्याचा अर्थच झाड. कोटणीसांना मिळालं 'ख', झाडाचा दांडा. आपलं 'कोटणीस' हे आडनाव हुद्द्यावरून आलेलं, चिटणीस-फडणीसांच्या पंगतीतलं. कोटाचा लिहिणारा तो कोटणीस. त्यातला कोटही राहिला, लेखणीही राहिली आणि नुसता 'को' बोटीतून उतरला.

पण नावातलं मधलं अक्षर मी बरेच दिवस नीट पाहिलंच नव्हतं. ख दी ह्वा. 'दी' हे एका फुलझाडाचं नाव. आणि 'ह्वा'चा अर्थ चीन असला तरी जुन्या भाषेत तोच शब्द फुलालाही आहे. दांड्याचं गीत ज्या पोथीत आहे त्याच पोथीत आणखी एक गीत आहे, ते या झाडाच्या फुलाने सुरू होतं. ते भावांचं गीत आहे. त्यात म्हटलं आहे की आजच्या जगात भावासारखं कुणी नाही. मरणाची भीती दाटते तेव्हा आठवण येते ती भावाची. माळरानावर प्रेतांचे ढीग पडतात तेव्हा शोधत येतो तो भाऊ. घरात भाऊ भाऊ भांडतील, पण बाहेरून कुणी चालून आलं की खांद्याला खांदा लावून उभे राहतील. या गीतामुळे 'दी-ह्वा' या जोडशब्दाचा अर्थच चिनी वाङ्मयात बंधुप्रेम असा झाला.

ज्याने कुणी हे नाव सुचवलं त्याला ती पोथी मुखोद्गत असणार. असं अक्षर सहज हाताशी येत नाही. युद्धाच्या धांदलीत, उद्या बॉम्ब पडतील की काय अशा शहरात, कुणीतरी एका सोलापूरच्या तरुणाचं लांबलचक नाव ऐकलं, त्याचा एक ध्वनी उचलला आणि पुढे 'भाऊ' लिहिलं. हे मला रात्री साडेअकराला स्वयंपाकघरात शब्दकोश चाळताना कळलं. मी नवऱ्याला उठवून सांगितलं.

वाटेतच कोटणीसांना वडील गेल्याची बातमी मिळाली. ते परतले नाहीत. फेब्रुवारी 1939 मध्ये पथक येनानला, चिनी कम्युनिस्टांच्या तळावर पोचलं. एकेक करून इतर डॉक्टर मायदेशी गेले. कोटणीस जपानी फौजांच्या पिछाडीच्या डोंगराळ मुलखात, हपै प्रांतात, जखमींची शुश्रूषा करत राहिले. 1940च्या मोठ्या लढाईत काही दिवसांतच आठशेहून अधिक जखमी त्यांच्याकडे आले. चिनी भाषा ते इतकी शिकले की वर्गात तीच भाषा वापरून शल्यक्रिया शिकवत. आधी याच मुलखात काम करून मरण पावलेले कॅनडाचे डॉक्टर बेथ्यून, त्यांच्या नावाच्या रुग्णालयाचे ते 1941 मध्ये प्रमुख झाले. तिथे परिचारिकांना शिकवणाऱ्या क्वो छिंगलान यांच्याशी त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात त्यांचं लग्न झालं. ऑगस्ट 1942 मध्ये मुलगा झाला. सेनापती न्ये रोंगचन यांनी नाव सुचवलं, यिनह्वा. यिन म्हणजे भारत, ह्वा म्हणजे चीन. आडनाव ख.

9 डिसेंबर 1942ला अपस्माराच्या झटक्यांनी कोटणीस गेले. बत्तीस वर्षांचे होते. मूल साडेतीन महिन्यांचं.

यिनह्वा मोठा झाला आणि वडिलांसारखाच वैद्यक शिकायला गेला. शिक्षण पुरं होण्याआधी 1967 मध्ये तो गेला. वय पंचवीसही नव्हतं. सोलापुरातून निघालेली ही ख शाखा दोन पिढ्यांत संपली. वू राजपुत्रापासून सांगणाऱ्या कुठल्या कुलवृत्तांतात तिची नोंद असणार नाही. तिकडे मूळपुरुष ताय्पो, इकडे बापलेक, आणि मध्ये कसलाही रक्ताचा धागा नाही. छिंगलान पुढे कितीतरी वेळा भारतात येऊन गेल्या, कोटणीसांच्या घरी राहिल्या, आणि 2012 मध्ये वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी वारल्या.

शिच्याच्वांग शहरातल्या हुतात्म्यांच्या स्मशानभूमीत कोटणीसांची समाधी बेथ्यून यांच्या समाधीजवळ आहे. त्याच शहरात त्यांच्या नावाची एक वैद्यकीय शाळा आहे. शाळेच्या नावात 'दीह्वा' ही दोन अक्षरं येतात. तिथे शिकून बाहेर पडताना आणि नोकरीला लागताना मुलंमुली त्यांच्या पुतळ्यासमोर उभी राहून शपथ घेतात. त्यांत कुणी वांग असेल, कुणी ली, कितीतरी झांग असतील. ख एखादंच.